आरशाची की भिंगाची?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिला, आणि खरं सांगायचं तर मलाही, आकाश पाहायचा नाद लागलाय. दुकानदार ७० मिमीची भिंगाची दुर्बीण दाखवतो, ओळखीचे एक शिक्षक म्हणतात ५ इंची रिफ्लेक्टर घ्या, आणि मुलगी म्हणते ‘डॉब’च हवी. फोटो काढायचे नाहीत, नुसतं डोळ्यांनी बघायचंय. या तिघींत नेमका फरक कशाचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचं ऐका. आता कारणं सांगतो.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाक्य आहे ‘फोटो काढायचे नाहीत’ हे. कॅमेऱ्याला प्रकाश साठवता येतो. लहानशा भिंगामागे कॅमेरा लावून तासभर प्रकाश गोळा केला, की त्याला देवयानी आकाशगंगेचे फाटे दिसतात. डोळ्याला ही सोय नाही. या क्षणी जेवढा प्रकाश आत आला तेवढाच आपला, मागचा शिल्लक राहत नाही. म्हणून डोळ्यानं बघणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारायचा तो दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास किती, हा. पागोळीखाली लोटी ठेवली की घंगाळ, यावर पाणी किती जमणार ते ठरतं, तसंच हे. आणि हिशेब व्यासाच्या वर्गाचा असतो. ७० मिमीच्या मानानं १५० मिमीची (म्हणजे ६ इंची) दुर्बीण साडेचारपट प्रकाश गोळा करते, तर २०० मिमीची आठपट. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ ७० मिमीतून कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. ६ इंचीतून काळोख्या रात्री पाहिलात, तर त्याच्या कडेचे तारे सुटे दिसायला लागतात आणि मग तिथून डोळा काढवत नाही.

बारकावे सुटे दिसणं हेही व्यासावरच आहे. डॉज नावाच्या इंग्रज निरीक्षकानं जोडताऱ्यांसाठी दिलेला आडाखा असा, की ११६ ला मिमीतल्या व्यासानं भागायचं. ७० मिमीला सुमारे १.७ विकला (विकला हे कोनाचं बारीक माप) येतात, १५० मिमीला ०.८. आपल्याकडचं हवेचं थरथरणं बहुतेक रात्री एक-दोन विकला तरी खातंच, त्यामुळे हा फायदा रोज पुरता हाती लागत नाही. पण हवा ठरते त्या रात्री लागतो.

मग दुर्बिणींच्या रचनांचं एवढं भांडण कशासाठी? तर तेवढा व्यास किती पैशांत, किती वजनात आणि किती कटकटीत मिळतो यासाठी.

भिंगाच्या दुर्बिणीचं जुनं दुखणं म्हणजे रंग. काच निळ्या आणि तांबड्या प्रकाशाला सारखं वाकवत नाही, त्यामुळे एकेरी भिंगातून तेजस्वी ताऱ्याभोवती रंगीत झालर येते. भिंग जितकं सपाट आणि नळी जितकी लांब, तितकी ही झालर सौम्य. सतराव्या शतकात लोकांनी हाच उपाय इतका ताणला, की डान्झिगच्या हेवेलियसनं १५० फूट लांबीची दुर्बीण दोरखंडांनी खांबावर चढवली होती. वारा आला की काय होत असेल याची कल्पना करा. न्यूटननं काचेचा हा दोष सुधारणारच नाही असं ठरवून टाकलं आणि १६६८ मध्ये धातूचा छोटा आरसा घेऊन दुर्बीण केली. काचेबद्दलचं त्याचं म्हणणं खरं नव्हतं. चेस्टर मूर हॉल या हौशी माणसानं १७३० च्या दशकात दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडून रंग बराचसा जुळवून दाखवला. पेटंट मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंडनं घेतलं. तुमचा दुकानदार दाखवतोय ती अशीच दोन काचांच्या भिंगाची, अॅक्रोमॅट. ७० मिमी व्यास आणि ७०० किंवा ९०० मिमी फोकल लेंथ असेल तर झालर नावापुरतीच उरते. शुक्र, व्याध, चंद्राची कडा यांच्याभोवती जांभळट छटा दिसेल एवढंच.

इंचाला इंच लावला तर भिंग आरशापेक्षा सरस आहे, हे मला मान्य आहे. वाटेत अडथळा नाही, नळी बंद, हलवाहलवीत काही बिघडत नाही. चांगल्या ४ इंची भिंगातून दिसणारा तारा काळ्या पाटीवर सुईनं टोचल्यासारखा असतो. पण त्या दर्जाचं, रंग कमी पसरवणाऱ्या ईडी काचेचं भिंग आणि ते पेलणारा स्टँड घ्यायला गेलात तर तेवढ्यात ८ इंची आरसा येतो आणि वर दोन-तीन आयपीसचे (डोळ्याकडच्या भिंगांचे) पैसे उरतात. कारण साधं आहे. दोन काचांच्या भिंगाला चार पृष्ठभाग अचूक घडवावे लागतात आणि प्रकाश काचेच्या आतून जात असल्यामुळे काचही निर्दोष लागते. आरशाला अचूक पृष्ठभाग एकच. प्रकाश वरूनच परत फिरतो, काचेच्या पोटात बुडबुडा असला तरी त्याला पत्ता लागत नाही.

आरशाच्या दुर्बिणीचे तोटेही ऐका. मध्ये तिरका दुय्यम आरसा टांगलेला असतो. तो व्यासाच्या पाव भागाएवढा असला तर प्रकाश जेमतेम सहा टक्के अडतो, म्हणजे उजेडाचं नुकसान किरकोळ. खरं नुकसान होतं ते गुरूच्या पट्ट्यांसारख्या फिक्या तपशिलांचं, ते थोडे पुसट होतात. दुसरं, दोन्ही आरसे एका रेषेत ठेवावे लागतात. याला कोलिमेशन म्हणतात. लोक याची भीती घालतात. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, नंतर पाच मिनिटं. सायकलची साखळी बसवण्यापेक्षा सोपं आहे.

आता शिक्षकांची ५ इंची आणि मुलीची डॉब. प्रकाशिकीच्या दृष्टीनं दोन्ही एकाच घराण्यातल्या, न्यूटनच्या. फरक आहे तो दुर्बीण कशावर बसवलीय याचा. ५ इंची रिफ्लेक्टर सहसा विषुववृत्तीय माउंटवर येते, म्हणजे वजनं लटकवलेला, तिरक्या अक्षाचा तो स्टँड. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. युरोपात ध्रुव पन्नास अंशांवर, साताऱ्यात साडेसतरा अंशांवर. हे माउंट तिकडच्या आकाशासाठी आखलेले असतात. आपल्याकडे अक्ष एवढा आडवा करावा लागतो, की वजनाची दांडी स्टँडच्या पायाला आपटते. काही स्वस्त माउंट तर एवढे खाली वाकतच नाहीत. शिवाय तुम्ही मोजलेल्या पैशांतला निम्मा भाग या डगमगत्या लोखंडात जातो. फोकसच्या चाकाला हात लावला की शनी नाचायला लागतो, आणि मुलं पाचव्या मिनिटाला मोबाइल काढतात.

जॉन डॉब्सननं हा स्टँडच मोडीत काढला. माणूस विलक्षण. जन्म १९१५ चा, पेकिंगमधला. शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ, आणि १९४४ पासून सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात रामकृष्ण संप्रदायाचा संन्यासी. मठात पैसा नाही. त्यानं जहाजांच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा मिळवल्या, त्या घासून आरसे केले, बांधकामातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि खाली प्लायवूडचं खोकं ठोकलं. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, एवढ्या दोनच हालचाली. तोफ गाड्यावर बसते तशी. रात्री दुर्बीण ढकलत तो रस्त्यावर नेई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवी. या भटकण्यावरूनच १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षी फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची त्याची संस्था उभी राहिली. या रचनेवर त्यानं पैसे कमावले नाहीत. आज कारखान्यात बनणाऱ्या डॉबमध्ये खोकं गुळगुळीत लॅमिनेटचं आणि खाली टेफ्लॉनचे तुकडे असतात, पण कल्पना तीच. पैसे आरशात घाला, लाकडात नको. लाकूड मात्र डगमगत नाही.

म्हणून माझं उत्तर ६ इंची, एफ/८ डॉब. म्हणजे फोकल लेंथ १२०० मिमी. ८ इंची जास्त दाखवते हे खरं. पण ती आयपीससकट वीस-पंचवीस किलो भरते, आणि जिन्यावरून गच्चीत नेताना तुमचा उत्साह कितव्या मजल्यावर संपतो ते आधी ठरवा. ६ इंची पंधरा-सोळा किलो, नळी आणि खोकं वेगळं करून दोन खेपांत जाते.

हिची एक खोड आधीच माहीत असू द्या. डॉब थेट डोक्यावर रोखली की नेम धरणं अवघड होतं. थोडंसं सरकवायला आख्खं खोकं गरागरा फिरवावं लागतं. इंग्लंडमधल्या माणसाला ग्रहांच्या बाबतीत हे कधी सोसावं लागत नाही, तिथे ग्रह डोक्यावर येतच नाहीत. आपल्याकडे कृत्तिका डोक्यावरून जातात, आणि गुरू मिथुनेत असला की तोही. उपाय एवढाच, की तासभर आधी किंवा तासभर नंतर बघायचं.

आणि जिच्या नळीची लांबी अर्धा मीटर, पण वर ‘फोकल लेंथ १००० मिमी’ असं छापलंय अशी ५ इंची रिफ्लेक्टर कुणी दाखवली तर हात जोडून बाहेर या. त्या नळीत आरसा आखूड फोकल लेंथचा आणि गोलीय असतो, आणि त्याची उणीव झाकायला फोकसरमध्ये एक भिंग कोंबलेलं असतं. सहसा ती जोडी जुळत नाही. कोलिमेशनही धड होत नाही. तुमच्या शिक्षकांच्या डोक्यात ही नसावी अशी आशा आहे.

प्रश्न : मुंबईत सोळाव्या मजल्यावर राहतो. गॅलरी दक्षिणेकडे, रुंदी चार फूट. डॉब ठेवायला जागा नाही. मग दुर्बीण घ्यायचीच नाही का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : घ्या, पण आरसा आणि भिंग यांचं लग्न लागलेली घ्या. मॅक्सुतोव्ह-कॅसेग्रेन.

हिच्यात प्रकाश आधी पुढच्या जाड, वाटीसारख्या भिंगातून येतो, मागच्या आरशावरून पुढे, पुढच्या छोट्या आरशावरून परत मागे, आणि मुख्य आरशाच्या मधल्या भोकातून बाहेर. प्रकाश नळीत घड्या घालून बसतो. त्यामुळे १५०० मिमी फोकल लेंथची ५ इंची दुर्बीण हातभर लांबीची होते आणि गॅलरीतल्या स्टुलावर मावते. रशियन प्रकाशतज्ज्ञ दिमित्री मॅक्सुतोव्ह यानं ही रचना १९४१ मध्ये सुचवली. श्मिट-कॅसेग्रेन ही तिची चुलतबहीण, पुढे पातळ काच असलेली. ८ इंचाच्या पुढे तीच परवडते.

तोटा हा, की दृश्यक्षेत्र अरुंद. ३२ मिमीच्या आयपीसनं ४७ पट मोठं दिसतं आणि आकाशाचा जेमतेम एक अंश मावतो. कृत्तिका दोन अंश पसरलेल्या, देवयानी आकाशगंगा तीन. त्या तुकड्या-तुकड्यानं बघाव्या लागतील. पण मुंबईच्या उजेडात देवयानी तशीही नीट दिसत नाही. कुठलीही दुर्बीण घ्या, ती आकाशगंगेबरोबर शहराचा उजेडही तेवढाच गोळा करते. शहरी आकाशात टिकून राहतात ते चंद्र, ग्रह आणि जोडतारे, आणि मॅक्सुतोव्ह नेमकी त्यातच पटाईत आहे. मिथुनेतला कॅस्टर तिच्यातून स्वच्छ दोन ताऱ्यांत सुटतो. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला कडेनं दिसत होती, ती आता हळूहळू उघडतायत, २०३२ च्या सुमाराला पुरती उघडतील. दक्षिणेची गॅलरी आहे, म्हणजे बहुतेक वर्षं शनी आणि गुरू तुमच्या दारावरून जाणार.

दोन सूचना. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर काढू नका, पुढच्या काचेवर लगेच धुकं धरतं. आणि गॅलरीतली फरशी पाय टेकला की थरथरते. बघताना घरच्यांना बसायला सांगा.

अंधाराची भूक लागली तर ‘खगोल मंडळ’ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. तिथे लोकांच्या दुर्बिणींतून बघून घ्या. पुण्याच्या वाचकांसाठी १९४४ पासूनची ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’ आहे, टिळक स्मारक मंदिराच्या आवारात. दुसऱ्याच्या दुर्बिणीला एक रात्र डोळा लावल्याशिवाय स्वतःची घेऊच नये, असं माझं मत आहे.

प्रश्न : कोकणातल्या दमट हवेत आरसा टिकतो की भिंग?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : दोन्हींना त्रास आहे, वेगवेगळा. भिंगाला बुरशी लागते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, की ती रुजली समजा. वेळीच काढली नाही तर लेपात कायमची खूण राहते. दोन काचांच्या मधे शिरली तर भिंग उघडावं लागतं आणि ते पुन्हा जसंच्या तसं बसवणं घरचं काम नाही. आरशावर अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. खारी हवा तो हळूहळू खाते. पण आरसा बाहेर काढता येतो, पाण्यानं धुता येतो आणि काही वर्षांनी त्यावर नवा थर चढवून घेता येतो. म्हणून कोकणात मी आरशाच्या बाजूनं. पाऊसकाळ लागला की दुर्बीण प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, आत ओल अडकते. आयपीस हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट. पुड्या अधूनमधून गरम करून कोरड्या करायच्या, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या राहतात.

दव मात्र देशावरच जास्त छळतं. पौषातल्या रात्री बारानंतर मॅक्सुतोव्हची आणि भिंगाची पुढची काच ओली होते. न्यूटनचा आरसा नळीच्या तळाशी असतो, तो वाचतो. उघड्या काचेपुढे व्यायामाच्या चटईचा तुकडा गुंडाळून फूटभर नळी लावली तरी दोन तास मिळतात.

प्रश्न : खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिलंय. व्यास ६० मिमी. खरं असतं का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : मोठं दिसेल, पण काय दिसतंय ते कळणार नाही. मिमीतल्या व्यासाची दुप्पट ही सर्वसाधारण कमाल मर्यादा, म्हणजे तुझ्या दुर्बिणीला १२०. त्यापुढे नुसता धूसर, थरथरता गोळा मोठा होत जातो. जितकी पट जास्त, तितका तोच प्रकाश पसरून पातळ होतो. फोकल लेंथला आयपीसच्या फोकल लेंथनं भागलं की पट मिळते. हा हिशेब दुकानातच करून बघ.

खोक्यात डोळ्याकडच्या बाजूला फिरवून बसवायचा काळा ‘सन’ फिल्टर निघाला तर तो आजच फोडून टाक. तो एकवटलेल्या उन्हाच्या उष्णतेनं तडकतो आणि तडकतो तेव्हा डोळा तिथेच असतो. सूर्याचा फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, आणि फाइंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) टोपण.

प्रश्न : आरसा घरी घासून दुर्बीण बनवता येते असं ऐकलं. आजच्या काळात त्याचा काही उपयोग?
– एक शिक्षिका, अहिल्यानगर

उत्तर : पैसे वाचवायला करणार असाल तर नको. ६ इंची डॉब आता तयार मिळते आणि घरी बनवण्याचा खर्च तिच्याजवळपास जातो. पण आरसा म्हणजे काय हे घासल्याशिवाय समजत नाही, म्हणून शाळेत जरूर करा. पुण्याच्या ‘आयुका’त विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी अशा कार्यशाळा झालेल्या आहेत, तिथे चौकशी करा.

काम असं चालतं. सारख्या व्यासाच्या दोन जाड काचा. खालची पक्की बसवायची, मधे कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, वरची पुढे-मागे घासायची, आणि आपण टेबलाभोवती हळूहळू फिरत राहायचं. कुणी वाटी कोरत नाही, तरी वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. वरच्या काचेचा मधला भाग खालच्या काचेच्या कडेवर जास्त दाबानं घासला जातो, एवढंच त्याचं रहस्य. भुकटी बारीक-बारीक करत नेतात. शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडनं चकाकी आणतात.

खरी मजा पुढे. पृष्ठभाग आदर्श आकारापासून मिलीमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाहून जास्त ढळता कामा नये. एवढं सूक्ष्म अंतर मोजायला काय लागतं? एक दिवा, त्याच्यापुढे बारीक छिद्र आणि दाढीचं ब्लेड. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५८ मध्ये ही पद्धत मांडली. परतणाऱ्या किरणांच्या वाटेत ब्लेड सरकवलं, की आरशावरचे उंचवटे-खड्डे सावल्यांनी उठून दिसतात. आरशावर नुसतं बोट टेकवून ठेवलंत तर काच तेवढ्या उबेनं फुगते आणि तिथला टेंगूळ फूकोच्या दिव्यात दिसतो. सातवी-आठवीच्या मुलांना एवढंच दाखवा, बाकीचं ती विचारतील.

पहिला आरसा ४ किंवा ६ इंचीच घ्या, फोकल लेंथ लांब ठेवा. साडेचार इंचाला एफ/८ ठेवलात तर साधा गोलीय आरसाही चालतो, पॅराबोला करत बसावं लागत नाही. ६ इंचाला तेच प्रमाण सीमारेषेवर येतं. अॅल्युमिनियमचा थर मात्र बाहेरून चढवून घ्यावा लागेल, त्याला निर्वात पात्र लागतं. त्याची चौकशी काच घासायला घेण्यापूर्वी करा. चकाकी आलेले पण बिनथराचे आरसे शाळांच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून असलेले मी पाहिले आहेत.